कर्ज फेडण्यासाठीं कर्ज

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडच्या वाटेला लागलें कीं कोर्लईचा किल्ला मागें पडतो, आणि पुढें कांहीं मैलांवर काशीद लागतें. पांढरी वाळू, सुरूचीं झाडें, मागें फणसाडचें रान आणि समोर मोकळा समुद्र, असें हें गांव. मुंबई-पुण्याकडचीं सुखवस्तु कुटुंबें सुटीच्या दिवसांत येथें विश्रांतीसाठीं येतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या खिशांत रोख रकमेऐवजीं क्रेडिट कार्ड असतें. राहण्याजेवण्याचा खर्च कार्डावर टाकावयाचा. बिल भरणें जड गेलें म्हणजे ती बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर सवलतीच्या व्याजानें फिरवावयाची. आणि त्या सवलतीची मुदत संपत आली कीं तिसऱ्या बँकेचें दार ठोठवावयाचें, ही युक्ति शहरी मध्यम वर्गाला आतां अपरिचित राहिलेली नाहीं. बँका स्वतःच तिचें आमंत्रण देतात, आणि 'बॅलन्स ट्रान्सफर' या नांवानें ती ओळखली जाते.

नांव नवें आहे. पण महाग कर्ज स्वस्त कर्जानें फेडावें, ही कल्पना या किनाऱ्याला किंवा एकंदर महाराष्ट्राला मुळींच नवी नाहीं. गेल्या तीनशें वर्षांत ती पेशव्यांच्या दप्तरांत, दख्खनच्या कुणब्याच्या कर्जरोख्यांत, मुंबईच्या चाळींत आणि सहकारी बँकांच्या हिशेबांत निरनिराळ्या वेषानें वावरली आहे. कोठें तिनें घर तारलें, कोठें बुडविलें. हा फरक कशामुळें पडला, याचा विचार करूं गेल्यास असें दिसून येतें कीं, व्याजाच्या दराला लोक जितकें महत्त्व देतात तितकें त्याचें महत्त्व नसतें. खरा प्रश्न असतो तो त्या कर्जाला शेवट आहे कीं नाहीं, हा.

अठराव्या शतकाच्या आरंभीं काशीद हें जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखांत, म्हणजे हबसाणांत मोडत होतें. उत्तरेस कुलाब्याला आंग्रे, चौल-रेवदंड्यास पोर्तुगीज, आणि घाटावर शाहू महाराज व त्यांचे पेशवे, अशी त्या वेळची मांडणी होती. या सर्वांशीं ज्यांचा संबंध आला असे एक विलक्षण गृहस्थ म्हणजे ब्रह्मेंद्रस्वामी. चिपळूणजवळ परशुरामाच्या क्षेत्रीं त्यांचें वास्तव्य होतें. १७२७ सालीं सिद्दी सात यानें तें देवस्थान लुटलें, तेव्हां स्वामी कोंकण सोडून घाटावर गेले आणि साताऱ्याजवळ धावडशीस राहिले. १७३३ सालीं मराठ्यांनीं सिद्दीवर मोहीम केली आणि १७३६ सालीं चिमाजी आप्पांनीं सिद्दी सात याला लढाईंत मारिलें. या दोन्ही घटनांमागें स्वामींच्या आग्रहाचा वांटा मोठा होता. येथें मात्र त्यांची आठवण निराळ्या कारणासाठीं करावयाची आहे. स्वामी जसे गुरु होते तसेच धनकोही होते. भिक्षा, इनामें व देणग्या यांतून त्यांच्याजवळ पैसा जमे, आणि तो ते व्याजानें देत. ज्यांनीं त्यांच्या पायांवर मस्तक ठेविलें, त्यांपैकीं कित्येकांचीं नांवें त्यांच्या येणेंकऱ्यांच्या यादींतही होतीं. खुद्द पहिले बाजीराव हे त्यांतलेच.

बाजीरावांसारख्या विजयी पुरुषाला कर्ज कां काढावें लागावें, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर मोहिमेच्या रीतींत आहे. शिलेदाराला घोडा उभा करण्यासाठीं पैसा आधीं द्यावा लागे. चौथाई-सरदेशमुखीचा पैसा हातीं येई तो पुढें कित्येक महिन्यांनीं, आणि तोही ठरल्याप्रमाणें सर्व येईलच असा भरंवसा नसे. मधलें अंतर सावकार भरून काढी. एका सावकाराचा तगादा असह्य झाला म्हणजे दुसऱ्याकडून रक्कम आणून पहिल्याचें तोंड बंद करावें लागे. सावकारांच्या पायां पडण्याची पाळी आपणांवर आली आहे, अशा अर्थाचें गाऱ्हाणें बाजीरावांनीं स्वामींपाशीं केलें आहे. ज्याच्यापाशीं गाऱ्हाणें करावयाचें तोही एक धनकोच, ही त्यांतली खरी अवघड गोष्ट होती.

पुढें नानासाहेबांच्या कारकीर्दींत हा व्यवहार फारच वाढला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींवर लिहिलेल्या प्रस्तावनेंत जी माहिती एकत्र केली आहे तीवरून, १७४० ते १७६० या वीस वर्षांत सुमारें दीड कोटि रुपयांचें कर्ज काढण्यांत आलें, आणि त्याचा दर शेंकडा १२ पासून १८ पर्यंत होता, असें दिसतें. फेडीची तजवीज बहुधा वरातीनें होई. वरात म्हणजे एखाद्या महालाच्या वसुलावर दिलेली चिठ्ठी. सावकारानें ती घेऊन कमाविसदाराकडे जावें आणि त्यानें ती रक्कम चुकती करावी. परंतु कमाविसदारानें तर नेमणूक मिळवितांनाच सरकारांत रसद, म्हणजे आगाऊ रक्कम, भरलेली असे, आणि तीही बहुतेक दुसऱ्या सावकाराकडून उचललेली असे. अशा रीतीनें पुण्याचें कर्ज महालांत उतरे, महालाचें गांवांत उतरे आणि अखेर रयतेच्या पायलीमापट्यांतून वसूल होई. कागदावर एक खातें मिटलें म्हणून कर्ज मिटलें, असें त्यांत होत नसे. तें केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाई.

थोरल्या माधवरावांना ही गोष्ट पुरती उमगली होती. त्यांच्या कारकीर्दींतलें कर्ज वडिलांच्या मानानें पुष्कळ कमी, म्हणजे सुमारें २४ लाखांचें होतें. तरीही १७७२ सालीं अखेरच्या आजारांत त्यांनीं जी नऊ कलमांची यादी करविली तींत सरकारचें कर्ज फेडण्याविषयीं स्पष्ट कलम होतें. राज्यकर्त्यानें मृत्युशय्येवर कर्जाची आठवण ठेवावी, आणि तें फिरवावें असें न म्हणतां फेडावें असें म्हणावें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

राज्याचें कर्ज राज्य निभावून नेतें. कुणब्याची गोष्ट निराळी. जुन्या हिंदु धर्मशास्त्रांत 'दामदुपट' म्हणून एक नियम आहे. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये. शंभर रुपये दिले तर व्याजासह दोनशांच्या पलीकडे मागतां येऊं नये, असा त्याचा इत्यर्थ. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींही तो मान्य केला होता. ऋणकोचें हें जुनें चिलखत होय. १८५९ सालीं मुदतीचा जो कायदा झाला तोही ऋणकोच्या हिताचाच भासत होता. कारण साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा न आणल्यास तो रद्द समजावा, असें त्यांत ठरविलें होतें. जुनींपुराणीं खतें उकरून काढून नातवाला छळूं नये, हा त्याचा हेतु.

प्रत्यक्षांत मात्र या दोहोंचा मिळून भलताच परिणाम झाला. तीन वर्षांची मुदत भरत आली कीं सावकार कुणब्याला बोलावून नवें खत लिहवून घेऊं लागला. जुन्या खतावरचें मुद्दल आणि थकलेलें व्याज यांची बेरीज नव्या खतांत मुद्दल म्हणून मांडली जाई. पूर्वींचें व्याज आतां व्याज राहिलेंच नाहीं, तेव्हां दामदुपटीचा नियम लागावा कशाला? महिना दोन टक्के सरळ व्याजानें घेतलेल्या शंभर रुपयांचा हिशेब पाहावा. तीन वर्षांनीं व्याज ७२ रुपये; नवें खत १७२ रुपयांचें. आणखी तीन वर्षांनीं तें २९६ रुपयांच्या घरांत जातें, आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस ५०९ रुपयांच्या. खत एकच राहतें तर दामदुपटीनें ही रक्कम दोनशांवर थांबली असती. व्याजाचा दर एका पैनेंही न वाढतां केवळ कागद बदलल्यानें कर्ज पांचपट झालें. शिवाय दर नव्या खताच्या वेळीं सावकार मनोती म्हणून कांहीं रक्कम कापून घेई, ती निराळीच.

या असंतोषाचा भडका १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें उडाला आणि पुणें व नगर या जिल्ह्यांत पसरला. जमावांनीं सावकारांच्या घरांतून विशेषतः कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. वस्तूंपेक्षां कागदावर त्यांचा रोख अधिक होता, यावरून दुखणें कोठें होतें हें कळतें. सरकारनें चौकशी-मंडळ नेमिलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना साह्य देणारा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्यांतलें मुख्य कलम मोठें मार्मिक होतें. न्यायाधीशानें समोर आलेल्या खतावरची रक्कम खरी धरूं नये. व्यवहार प्रथम सुरू झाला तेथपर्यंत मागें जावें, मुद्दल निराळें काढावें, व्याज निराळें काढावें आणि मग काय देणें निघतें तें ठरवावें. म्हणजे कितीही वेळां कर्ज फिरलें तरी त्याचा मूळ इतिहास पुसला जाऊं नये, असें तें तत्त्व. हबसाण त्या वेळीं ब्रिटिश मुलखांत नव्हतें. काशीदसारखीं गांवें जंजिऱ्याच्या नबाबाच्या अमलाखालीं होतीं. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें.

चार जिल्ह्यांतही या कायद्यानें सर्व कार्यभाग साधला असें नाहीं. खत तपासलें जातें असें पाहून सावकारांनीं गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहवून घेण्याची वाट धरली. कायदा महाग कर्जाला अडवूं शकला; स्वस्त कर्ज निर्माण करणें त्याच्या हातचें नव्हतें. तें काम सहकारी चळवळीनें अंगावर घेतलें. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकारानें १९११ सालीं मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक निघाली.

शहरांतही सावकारी पाश कमी नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या कोंकणी माणसाचें एक पाऊल गांवांत आणि एक चाळींत असे. घरीं मनिऑर्डर पाठवावयाची, येथें खाणावळीचें देणें भागवावयाचें, आणि लग्नकार्य किंवा दुखणें निघालें कीं पठाणाकडे जावयाचें. त्याचा दर रुपयाला महिना एक आणा, केव्हां केव्हां दोन आणे. ऐकावयास एक आणा म्हणजे कांहींच नाहीं; पण वर्षाचे बारा आणे झाले, म्हणजे शेंकडा ७५! दोन आणे दरानें शेंकडा १५०. उलट सहकारी पतपेढ्यांत पुष्कळ ठिकाणीं रुपयाला महिना दीड पै, म्हणजे वर्षाला शेंकडा ९ रुपये ६ आणे, असा दर असे. १९१८ सालीं मुंबईंत सारस्वत मंडळींनीं जी सहकारी संस्था काढली, आणि जिची पुढें मोठी बँक झाली, तिच्या आरंभीच्या उद्देशांत लग्नकार्य आणि औषधोपचार यांच्या बरोबरीनें जुन्या कर्जाची फेड हाही एक उद्देश स्पष्ट घातलेला होता. महाग कर्ज स्वस्त कर्जानें फेडणें हें येथें कोणाच्या चलाखीचें काम राहिलें नाहीं. तें संस्थेचें धोरण झालें.

शेतकऱ्यासाठीं याच धोरणाची पुढची पायरी म्हणजे भूतारण बँका. मुंबई प्रांताची मध्यवर्ती भूतारण बँक १९३५ सालीं स्थापन झाली. तिचें प्रमुख कार्य जमिनीच्या तारणावर दीर्घ मुदतीचें कर्ज देऊन सावकाराचें जुनें देणें वारणें हें होतें. या कर्जाची रचना पाहण्यासारखी आहे. बँक आधीं जमिनीची किंमत आणि कुटुंबाचें उत्पन्न पाही. जितका हप्ता त्या उत्पन्नांतून निघेल तितकेंच कर्ज मंजूर होई. प्रत्येक हप्त्यांत व्याजाबरोबर मुद्दलाचाही कांहीं भाग असे. त्यामुळें पहिल्या वर्षापासून कर्ज उतरणीला लागे, आणि शेवटचा हप्ता कोणत्या सालीं पडणार हें कर्ज घेतांनाच ठरलेलें असे. पेशव्यांच्या वरातींत आणि कुणब्याच्या नव्या खतांत जी एक गोष्ट नव्हती, ती येथें होती. ती म्हणजे शेवटची तारीख.

अशीं उत्तम साधनें असतांही तीं सर्वांपर्यंत पोंचलीं नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. रिझर्व्ह बँकेनें १९५१-५२ सालीं देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी करविली आणि तिचा अहवाल १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. सहकारी संस्थांकडून शेतकऱ्याला मिळणारें कर्ज एकंदर कर्जाच्या शेंकडा तीनच्या आसपास होतें, आणि सावकारांचा वांटा शेंकडा सत्तरच्या घरांत होता, असें त्यांत दिसून आलें. याच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे कुलाबा जिल्ह्यांतले. त्यांचा जन्म १८९६ सालीं महाडजवळ नाते येथें झाला होता. १९४३ ते १९४९ पर्यंत ते त्या पदावर होते, आणि त्यांच्याच कारकीर्दींत १ जानेवारी १९४९ रोजीं ती बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. पुढें कार्डांवरील कर्जाला नियम घालण्याचें काम याच बँकेकडे आलें.

कार्डाचा जन्म अमेरिकेंतला. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें डायनर्स क्लबचें कार्ड निघालें. त्याचें बिल दर महिन्यास पुरतें भरावें लागे. तें खऱ्या अर्थानें कर्ज नव्हतेंच. १९५८ सालीं बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरांत आपलें कार्ड घरोघर पाठविलें, आणि त्यांत एक नवी सोय ठेविली. बिल पुरतें भरण्याची गरज नाहीं. थोडें भरावें, बाकी पुढें न्यावी, व्याज द्यावें. कर्जाची शेवटची तारीख येथें नाहींशी झाली. १९७८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, बँकेचें ठाणें ज्या राज्यांत असेल तेथील व्याजाचा दर तिला इतर राज्यांतील गिऱ्हाइकांनाही लावतां येईल. त्यामुळें दरावरचे जुने बंध सैल पडले आणि कार्डांचा धंदा अतिशय किफायतीचा झाला. धंदा किफायतीचा झाला म्हणजे चढाओढ आलीच. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, पुढें कॅपिटल वन या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें दुसऱ्या बँकांचीं गिऱ्हाइकें ओढण्यासाठीं 'तुमची तिकडची बाकी आमच्याकडे आणा, अमुक महिने व्याज अगदीं थोडें' असा प्रस्ताव मोठ्या प्रमाणावर मांडला. थोड्याच अवकाशांत ती सर्वत्र रीत झाली.

या रीतीचा लाभ दोन प्रकारचे लोक घेतात. पहिला प्रकार खऱ्या ऋणकोंचा, ज्यांना महाग बाकी हलकी करावयाची असते. दुसरा प्रकार हिशेबी लोकांचा. त्यांना कर्जाची गरजच नसते. शून्य व्याजाची रक्कम उचलून ती ठेवींत ठेवावयाची, मुदत संपतांच परत करावयाची आणि मधलें व्याज खिशांत घालावयाचें, असा त्यांचा बेत. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत हा प्रकार इतका वाढला कीं बँकांनीं फिरविलेल्या रकमेवर शुल्क बसवून त्याचें तोंड पुष्कळसें बंद केलें. जुन्या सावकाराची मनोती ती हीच. शिवाय हप्ता भरला कीं तो आधीं स्वस्त बाकींत जमा करावयाचा आणि महाग बाकी तशीच वाढूं द्यावयाची, अशीही एक वहिवाट होती. अमेरिकेनें २००९ सालीं कायदा करून ती मोडली. किमान रकमेहून अधिक भरलेला पैसा सर्वांत महाग बाकीला लागला पाहिजे आणि सवलतीचा दर निदान सहा महिने टिकला पाहिजे, असें त्यांत ठरविलें.

हिंदुस्थानांत १९८० सालीं सेंट्रल बँकेनें आपलें कार्ड काढलें, आणि पुढील चाळीस वर्षांत कार्डें मध्यम वर्गाच्या अंगवळणीं पडलीं. कार्डावरील थकलेल्या बाकीचें व्याज पुष्कळ ठिकाणीं महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतें, म्हणजे वर्षाला शेंकडा ४२. त्यावर शेंकडा १८ वस्तु व सेवा कर. पठाणाच्या एका आण्याइतका हा दर नाहीं, पण पतपेढीच्या दीड पैच्या मानानें चौपटीहून अधिक आहे. अशा वेळीं बाकी फिरविण्यानें काय साधतें, हें उदाहरणानें पाहणें बरें. कोणाची ५०,००० रुपयांची बाकी आहे असें समजूं. साडेतीन टक्क्यांनीं महिन्याचें व्याज १,७५० रुपये आणि कर ३१५ रुपये, मिळून २,०६५. दुसऱ्या बँकेनें सहा महिने दीड टक्का दर देऊं केला, तर व्याज व कर मिळून ८८५ रुपये होतात. सहा महिन्यांचा फरक ७,०८० रुपयांचा. शेंकडा दोन शुल्क आणि त्यावरचा कर यांचे १,१८० रुपये वजा केले तरी ५,९०० रुपये वांचतात. मध्यम स्थितीच्या घराला ही रक्कम थोडी नव्हे. तेव्हां युक्ति मुळांतच खोटी आहे, असें म्हणतां येणार नाहीं.

आतां दुसरी बाजू. 'साठ दिवस शून्य व्याज, फक्त दोन टक्के शुल्क' असा प्रस्ताव असेल, तर करासह २ रुपये ३६ पैसे शेंकडा हे दोन महिन्यांचे होतात. वर्षाच्या मानानें तो दर चौदा टक्क्यांच्या वर जातो. शून्य हें केवळ नांव राहतें. हप्ता एकदां चुकला कीं सवलत जाण्याचा संभव असतो. ज्या कार्डावर बाकी आणली त्याच कार्डावर नवी खरेदी केली, तर तिला बहुधा बिनव्याजी दिवस मिळत नाहींत; पहिल्या दिवसापासून पुरा दर लागतो. आणि सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. बाकी दुसरीकडे गेली म्हणजे जुनें कार्ड रिकामें होतें, आणि रिकामें कार्ड हातांत असलें कीं तें पुन्हां भरूं लागतें. सहा महिन्यांनीं एका बाकीच्या जागीं दोन बाक्या उभ्या राहतात. नव्या खतांत जुनें व्याज मुद्दल होई. येथें जुनें मुद्दल कायम राहून शेजारीं नवें मुद्दल येऊन बसतें. तिसऱ्या-चौथ्या वेळीं बाकी फिरविण्याचा प्रसंग येतो तेव्हां अर्जदाराच्या पतीचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थांकडे त्याची नोंद झालेली असते, आणि ज्या दिवशीं सवलतीची सर्वांत अधिक गरज असते त्याच दिवशीं ती नाकारली जाते.

या बाबतींत कायद्याची आणि न्यायालयांची भूमिका सतत सारखी राहिलेली नाहीं. २००८ सालीं राष्ट्रीय ग्राहक तक्रार आयोगानें कार्डावर वर्षाला शेंकडा ३० हून अधिक व्याज आकारणें ही अनुचित प्रथा ठरविली होती. डिसेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. व्याजाच्या दराचा विचार हें रिझर्व्ह बँकेचें क्षेत्र आहे, असें त्याचें म्हणणें पडलें. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं जे निर्देश दिले त्यांत मात्र जुन्या अनुभवाचा स्पष्ट पडसाद उमटला. किमान भरणा इतका थोडा ठेवूं नये कीं तो भरूनही कर्ज वाढतच जाईल. आणि न भरलेलीं शुल्कें व कर हीं मुद्दलांत मिळवून त्यांवर व्याज चढवूं नये, असें त्यांत सांगितलें होतें. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशाला मुद्दल आणि व्याज वेगळें काढावयास सांगितलें, तोच धागा येथें दीडशें वर्षांच्या जवळपास अंतरानें पुन्हां हातीं येतो.

या सर्व इतिहासावरून सुशिक्षित गृहस्थाला घेण्यासारखा बोध मोठा नाहीं, पण तो कामाचा आहे. कर्ज स्वस्त सावकाराकडे नेणें हें शहाणपणाचें आहे. पण तेवढ्यानें तें फिटत नाहीं. ५०,००० रुपयांची बाकी सहा महिन्यांच्या सवलतींत नेली असेल, तर महिन्याला ८,३३४ रुपये मुद्दलापोटीं बाजूला काढतां येतात कीं नाहीं, हें आधीं पाहावें. तितके निघत असतील आणि जुनें कार्ड कपाटांत राहणार असेल, तर सवलतीचा पुरा लाभ त्या घराचा. निघत नसतील, तर हप्त्यानें उतरणारें दीर्घ मुदतीचें कर्ज, मग तें पतपेढीचें असो वा बँकेचें, दरानें थोडें चढें वाटलें तरी अधिक स्वस्त पडतें. भूतारण बँकेच्या कर्जांत शेवटचा हप्ता कोणत्या सालीं पडावयाचा तें आधींच ठरलेलें असे, आणि शेतकरी त्या सालाकडे डोळे लावून बसे. कार्डाच्या बिलावर तशी तारीख नसते. तेथें फक्त या महिन्याचा किमान भरणा लिहिलेला असतो. शेवटची तारीख ऋणकोनें आपल्या हातानें लिहून ठेवावी लागते.